गुरुजी मिळत नाहीयेत, मोबाईलवर मंत्र लावून गणपतीची प्राणप्रतिष्ठा केली तर चालते का?

सड्यावरची (राजापूर)

नमस्कार मंडळी. गणपती तोंडावर आलेत आणि आमच्याकडे यंदा गुरुजींचाच पत्ता नाही. सासऱ्यांच्या काळापासून जे गुरुजी यायचे त्यांचे गुडघे गेलेत, आमचं घर वर सड्यावर, खालच्या रस्त्यापासून अख्खी पाखाडी चढून यावं लागतं, त्यांनी आषाढातच सांगून टाकलं की वहिनी यंदा मला धरू नका. त्यांचा मुलगा पुण्याला आयटीत. पलीकडच्या वाडीत येतात त्या गुरुजींना फोन केला तर म्हणाले पहाटे साडेतीनला येतो नाहीतर दुपारी तीननंतर, मधे सगळी घरं भरलेली.

दीर मुंबईहून येणार, तो म्हणतो कशाला एवढं टेन्शन, यूट्यूबवर सगळी पूजा आहे, ब्लूटूथ स्पीकरला लावू, आवाज पण खणखणीत. सासूबाई म्हणतात स्पीकर काय देवाच्या छातीला हात लावणार आहे का. तेव्हापासून घरात दोन पार्ट्या झाल्यात आणि मी मधे.

मला खरंच विचारायचंय, मंत्र नक्की काय करतात? म्हणजे ते कोणीतरी म्हणावे लागतात, की कानावर पडले तरी पुरे? आणि आम्ही घरच्यांनीच म्हटले तर? उच्चार चुकले तर काही वाईट होतं असं लहानपणापासून ऐकलंय त्यामुळे हिंमत होत नाही. मिस्टरांना अथर्वशीर्ष येतं, तेही वाचूनच. मला थोडंफार संस्कृत येतं, शाळेत होतं.

पेणची_माती

काही होत नाही हो ताई, बिनधास्त लावा. २०२० ला लॉकडाऊनमध्ये अर्ध्या कोकणाने व्हिडिओ कॉलवरच पूजा केली, गुरुजी तिकडे मुंबईत आणि आपण इकडे ताम्हन घेऊन. बाप्पा काही रागावला नाही. भाव महत्त्वाचा.

भिक्षुकाचा_मुलगा (गुहागर)

भाव महत्त्वाचा हे खरंच पण ते उत्तर सगळ्याच प्रश्नांना चालतं, ताईंनी विचारलंय ते वेगळं आहे.

मी स्वतः भिक्षुकी करत नाही, चिपळूणला नोकरी करतो, पण चतुर्थीला वडिलांबरोबर बाईकवर मागे बसून घरोघर जातो त्यामुळे थोडं लिहितो. लांबेल.

घरी गणपतीची जी पूजा होते ती सोळा उपचारांची. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान, वस्त्र, जानवं, गंध, फुलं, धूप, दीप, नैवेद्य, प्रदक्षिणा, नमस्कार, मंत्रपुष्प. आता गंमत बघा, ऋग्वेदातलं पुरुषसूक्त आहे दहाव्या मंडलातलं, त्याच्या ऋचाही सोळाच. एकेका उपचाराला एकेक ऋचा लावलेली आहे. सहस्रशीर्षा म्हटलं की आवाहन, पुरुष एवेदं म्हटलं की आसनाला अक्षता, ब्राह्मणोऽस्य म्हटलं की दिवा ओवाळायचा, चंद्रमा मनसो म्हटलं की नैवेद्य. मंत्र आणि हात एकत्र चालतात. गुरुजी समर्पयामि म्हणतात ना, त्या क्षणी तुमच्या हातातून फूल सुटलं पाहिजे. व्हिडिओत नेमकं हेच बोंबलतं. तिकडे धूप दाखवून झाला तरी इकडे यजमान अजून जानवं सोडवत बसलेला, मग कोणीतरी ओल्या हाताने मोबाईल पॉज करायला धावतो.

आणि संकल्प! संकल्पात वर्ष, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, मग तुमचं गोत्र, तुमचं नाव, कशासाठी पूजा करताय ते, हे सगळं म्हणायचं असतं. गेल्या चतुर्थीला आम्ही एका घरी उशिरा पोचलो तर त्यांनी कंटाळून व्हिडिओ लावलेला, २०२० चा, त्यात गुरुजी शार्वरी नाम संवत्सरे म्हणतायत आणि चालू होतं विश्वावसु. गोत्र पण त्या गुरुजींच्याच कुठल्यातरी यजमानाचं. वडील दारातच थांबले, हसू आवरेना त्यांना.

म्हणून माझं मत सरळ आहे, स्पीकर नको. तुमच्या सासूबाई बरोबर आहेत. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीच्या हृदयावर हात ठेवून मंत्र म्हणायचा असतो, दूर्वेने डोळ्यांना तूप लावायचं असतं, ज्याचा हात त्याचं तोंड. गुरुजी म्हणतात तेव्हा ते तुमच्या वतीने म्हणतात, तुम्ही त्यांना तसं सांगितलेलं असतं, दक्षिणा देता ती त्याचीच. रेकॉर्डिंगला तुम्ही काही सांगू शकत नाही.

आता चुकण्याची भीती. ती वैदिक मंत्रांपुरती खरी धरतात. वेदमंत्रांना स्वर असतात, छापील पुस्तकात अक्षराखाली आडवी रेघ आणि डोक्यावर उभी रेघ दिसते ना ती त्यासाठी. ती गोष्ट ऐकली असेल, त्वष्ट्याने इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून "इंद्रशत्रुर्वर्धस्व" म्हणत आहुती दिली, स्वर चुकीच्या जागी पडला आणि अर्थ उलटा झाला, वृत्र जन्मला पण इंद्रानेच त्याला मारलं. पाणिनीय शिक्षेत, म्हणजे उच्चारांच्या जुन्या ग्रंथात, हा दाखला आहे, वाणीचं वज्र होऊन यजमानावरच पडतं म्हणून. लोकांनी तेवढंच लक्षात ठेवलं आणि घाबरून बसले.

पण त्यासाठीच तर दुसरा रस्ता ठेवलाय. ज्यांना वैदिक येत नाही त्यांच्यासाठी पौराणिक श्लोक आहेत, साधे अनुष्टुभ, "नानारत्नसमायुक्तं कार्तस्वरविभूषितम्" वगैरे, त्यांना स्वर नाहीत. तेही जड वाटले तर नाममंत्र. श्री सिद्धिविनायकाय नमः, आसनार्थे अक्षतान् समर्पयामि. श्री सिद्धिविनायकाय नमः, गंधं समर्पयामि. बस. सोळाच्या सोळा उपचार नाममंत्राने होतात आणि ती कमी दर्जाची पूजा नाही. माझे वडील दशग्रंथी (वेदाचे दहाही ग्रंथ पाठ असलेले) नसले तरी उभा जन्म यात गेलाय, ते स्वतः सांगतात की दुसऱ्याच्या तोंडच्या पुरुषसूक्तापेक्षा स्वतःच्या तोंडचा नाममंत्र घ्यावा.

सड्यावरची (राजापूर)

बापरे दादा, किती छान सांगितलंत. संवत्सराचं वाचून सासूबाईंना दाखवलं, त्या आता दिराला तेच ऐकवतायत.

पण प्राणप्रतिष्ठेचा मंत्र तर बीजमंत्रांचा आहे ना, आं ह्रीं क्रों वगैरे? तो आम्ही म्हणायचा?

भिक्षुकाचा_मुलगा (गुहागर)

बाजारात गणेशपूजेच्या ज्या पोथ्या मिळतात त्यांतल्या बहुतेकांत तो आहे आणि यजमानाने म्हणण्यासाठीच दिलेला आहे. बीजाक्षरं झाली की "अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु अस्यै प्राणाः क्षरन्तु च" हा श्लोक. मग पंधरा संस्कारांसाठी पंधरा वेळा ॐ. बाळ जन्माला आल्यावर जे संस्कार आपण वर्षानुवर्षं करतो ते मूर्तीवर पंधरा ॐकारात उरकतात असं समजा. बीजं नकोच वाटली तर नुसता श्लोक आणि ॐ म्हणा, चालतं. मूर्ती मातीची, दर वर्षी नवी म्हणून हे करायचं, देव्हाऱ्यातल्या गणपतीला परत करायचं नसतं.

होय_म्हाराजा (कुडाळ)

तुमचा सगळा बरोबर आसा पण तुम्ही लोक संस्कृताच्या बाहेर येतच नाय.

आमच्या गावात सातेरीच्या देवळात मोठं कार्य असलं तर भटजी येतात, होम करतात, आपलं काम करून जातात. पण देवीशी बोलणं होतं ते गाऱ्हाण्यात. आणि गाऱ्हाणं घालतो तो गुरव नाहीतर घाडी, मालवणीत.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवल्यान हा, तो मान्य करून घे, आणि मुंबैक कामधंद्याक गेलेली पोरां आसत तेंका सुखी ठेव, खय वाकड्या वाटेन गेली आसतीत तर सरळ वाटेक लाव, कोणाची वायट नजर लागली आसात ती परती कर रे म्हाराजा!"

आणि दर वाक्याला मागे उभे सगळे, "होय म्हाराजा!" अंगावर काटा येतो. नोकरी, कोर्टकचेरी, पोरीचं लग्न, जनावर हरवलं, सगळं त्यात येतं. देवाला कळत नाही असं कधी झालं नाही. कौल लावला की उजवा डावा लगेच कळतो.

आता कोणी म्हणेल हे मंत्र नाहीत, हे नुसतं बोलणं आहे. नाय. गाऱ्हाणं कोणीही उठून घालू शकत नाही. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवकार्याच्या रीतीत, कोणाचा मान ते ठरलेलं, देवांची नावं कुठल्या क्रमाने घ्यायची ते ठरलेलं, क्रम चुकला तर मागे उभे जाणते म्हातारे तिथेच टोकतात. भटजींचा स्वर तसा आमचा क्रम. भाषा आमची आहे एवढाच फरक. आरवलीच्या वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या चपला वाहतात, त्याला कुठल्या वेदातली ऋचा लावणार?

तेव्हा ताई, नाममंत्राने पूजा करा आणि शेवटी घरातल्या मोठ्या माणसाला गाऱ्हाणं घालायला सांगा. सासूबाई घालतील.

पाचवा_पर्याय

मी देव मानत नाही हे आधीच सांगतो म्हणजे शिव्या सोप्या पडतील.

मला एक कळत नाही, ज्या भाषेतलं अक्षर कळत नाही ती बोलून देव येतो कसा? दह्याच्या स्नानाला "दधिक्राव्णो अकारिषं" म्हणतात. ती ऋचा दधिक्रा नावाच्या दिव्य घोड्याची आहे, दह्याशी काही संबंध नाही, दधि ऐकू आलं म्हणून लावली. "गणानां त्वा गणपतिं" ज्याला आपण गणपतीचा वेदमंत्र म्हणतो तो दुसऱ्या मंडलात ब्रह्मणस्पतीला उद्देशून आहे, हत्तीचं तोंड, मोदक, उंदीर काही नाही त्यात. मग हे सगळं जोडकामच झालं ना? आणि वरून व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड की नासाने सिद्ध केलं मंत्रांच्या लहरींनी अमुक होतं.

भिक्षुकाचा_मुलगा (गुहागर)

नासावाल्या फॉरवर्डबद्दल दोन्ही हात वर करून तुमच्या बाजूने. मंत्राला असल्या सर्टिफिकेटची गरज नाही आणि ज्यांना ती लागते त्यांचा मंत्रावर विश्वास कमी आणि नासावर जास्त आहे.

जोडकाम म्हणालात तेही बरोबर, फक्त त्यात लपवाछपवी नाही, त्याला विनियोग म्हणतात. मंत्र एका ठिकाणचा, वापरायचा दुसरीकडे, आणि कुठे वापरायचा ते कर्मकांडाच्या ग्रंथांनी सांगायचं. गणपतीच्या शेवटी आपण देवे, म्हणजे मंत्रपुष्पांजली, म्हणतो, सगळी पोरं एका दमात "स्वस्ति साम्राज्यं भौज्यं" ओरडतात, ते ऐतरेय ब्राह्मणातलं, महाभिषेकाच्या प्रकरणातलं, राजाला गादीवर बसवतानाचं. आज ते सड्यावरच्या कौलारू घरात ऐकू येतं.

आणि तुमचा प्रश्न नवीन नाही. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचा अर्थ सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, कौत्स नावाचा माणूस आहे, तो थेट म्हणतो "अनर्थका हि मन्त्राः", मंत्रांना अर्थच नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच हा धागा निघून गेलाय. यास्काने त्याला उत्तर काय दिलं, आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. (तुम्हाला म्हणत नाहीये हो, यास्क म्हणतोय!)

मला स्वतःला पटतं ते मीमांसकांचं, म्हणजे वेदातल्या कर्मांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचं. ते म्हणतात मंत्राचं काम आठवण करून देणं, आत्ता आपण काय करतोय त्याची. प्रयोगसमवेतार्थस्मारका मन्त्राः. दिवा ओवाळताना लक्ष दिव्यावर राहावं म्हणून मंत्र. लहरी नाहीत, जादू नाही. म्हणून तर म्हणतोय की जो ओवाळतोय त्यानेच म्हणावा.

पाचवा_पर्याय

हे मात्र मला चालेल. कौत्स माणूस आवडला.

उकडीचा_मोदक (दापोली)

एक विषय सुटतोय. ताई स्वतः पूजा करू शकतात का? त्यांनी विचारलं नाही पण मला वाटतं मनात आहे. संस्कृत त्यांना येतं, मिस्टर फक्त अथर्वशीर्ष वाचतात, मग बसायचं कोणी?

माझ्या माहेरी बाबा गेल्यावर आईच बसते पूजेला. पहिल्या वर्षी भावकीत कुजबुज झाली, आता त्याच घरातल्या सुना येऊन आईकडून पूजेची तयारी लिहून नेतात. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी बायकांना पौरोहित्य शिकवते, त्याही लग्नं, मुंजी, वास्तुशांती करतात. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठसमोर हजारो बायका अथर्वशीर्ष म्हणतात, दर वर्षी पेपरात फोटो असतो. आणि अथर्वशीर्ष तर उपनिषद म्हणूनच गणलं जातं. ते चालतं तर घरी गंधं समर्पयामि का चालत नाही? जुनी माणसं म्हणतील बायकांनी वैदिक म्हणू नये, ठीक आहे, नाममंत्राला तर ती पण अडवत नाहीत.

आणि गौरीचं काय? तिच्या आवाहनाला आमच्याकडे कोणी पुरुष लागत नाही. पाणवठ्यावरून तेरडा घेऊन यायचं, दारात पावलं काढायची, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली" विचारत अख्खं घर दाखवायचं. नव्या सुनेचा ओवसा, सुपं, गाणी, फुगड्या. तिच्या नैवेद्याला कित्येक घरांत तिखटाचं, म्हणजे मटण-मासळीचं, लागतं. सगळं बायकांच्या तोंडून चालतं आणि गौर दर वर्षी येते.

होय_म्हाराजा (कुडाळ)

गौरीच्या तिखटाक माझो फुल सपोर्ट.

भिक्षुकाचा_मुलगा (गुहागर)

मोदकताईंचं बरोबर आहे. वडिलांना आत्ता फोनवर विचारलं, ते म्हणाले "घरात जिला वाचता येतं ती बसू दे, मला पाखाडी चढायला सांगू नका म्हणावं". (आमचे पण गुडघे!)

अथर्वशीर्षाबद्दल एक. त्याची एकवीस आवर्तनं करायची असतील तर फलश्रुती प्रत्येक वेळी म्हणू नका, "एतदथर्वशीर्षं योऽधीते" पासून पुढचं फक्त शेवटच्या आवर्तनाला. नाहीतर दुपारचे मोदक संध्याकाळी खाल.

यूट्यूबवरून ऐकून शिकणार असाल तर आणखी एक घोळ होतो. वेदांच्या शाखा वेगळ्या. कोकणात आपल्याकडे ऋग्वेदी नाहीतर हिरण्यकेशी जास्त, घाटावर शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन बरेच. त्यांचं पुरुषसूक्त ऐकलंत तर "सहस्रशीर्खा" ऐकू येईल आणि पहिल्याच ऋचेत "स भूमिं विश्वतो वृत्वा" च्या जागी "सर्वत स्पृत्वा". दोन्ही आपापल्या जागी बरोबर. दीर मात्र म्हणेल पुस्तक चुकलं.

सड्यावरची (राजापूर)

मोदकताई, मनातलं ओळखलंत. काल रात्री विषय काढला. मिस्टर म्हणाले बस की तू, मला तरी जरा आराम मिळेल. सासूबाई आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या संकल्प त्याचा होऊ दे, पुढचं तू वाच, त्याला हात चालवू दे. दिराला आरत्यांचं डिपार्टमेंट दिलंय, स्पीकर तिथे लावू दे म्हटलं तर तेही सासूबाईंनी हाणून पाडलं, टाळ आहेत ना घरात म्हणून.

आता प्रॅक्टिकल प्रश्न. वेळ कुठली धरायची? पोथी राजापूरच्या बाजारात मिळाली पण अक्षर बारीक आहे. आणि दीड दिवसाचा गणपती आमचा, उत्तरपूजेला काय म्हणायचं?

भिक्षुकाचा_मुलगा (गुहागर)

वेळ मध्याह्नाची. दिवसाचे पाच भाग केले तर तिसरा, साधारण अकरा ते दीड. पहाटे साडेतीन वगैरे आमची सोय असते, इतकी घरं एका दुपारी होत नाहीत म्हणून. तुम्हाला दुसरं घर गाठायचं नाहीये तेव्हा आरामात अकराला बसा. गणपतीवर टांगायची माटवी आदल्या दिवशी बांधून ठेवा, कवंडळं आणि सुपारीची शिंपुटं सकाळी शोधत बसलात तर दीड तिथेच वाजेल.

पोथीची पानं मोबाईलने फोटो काढून मोठी प्रिंट मारून घ्या. गणपतीच्या आधी रोज संध्याकाळी एकदा मोठ्याने वाचा, देवासमोर पहिल्यांदा वाचू नका. जोडाक्षर अडलं तर थांबून परत म्हणा, घाईत गिळू नका.

उत्तरपूजेला गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य एवढे पाचच उपचार नाममंत्राने, मग आरती, मूर्तीच्या हातावर दही, आणि अक्षता वाहून "यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्, इष्टकामप्रसिद्ध्यर्थं पुनरागमनाय च". म्हणून झालं की मूर्ती जागेवरून जरा हलवायची. त्याआधी पूजेत "मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर" हा श्लोक येईलच, तो मात्र न चुकता म्हणा. मंत्र राहिले, कृती राहिली, सगळं त्यात कबूल करून टाकलेलं आहे, माझे वडील पण तो दर घरी म्हणतात.

पेणची_माती

आरत्यांचं डिपार्टमेंट ज्याच्याकडे आहे त्याला एवढंच सांगा, "संकटी पावावे", संकष्टी नाही.

उकडीचा_मोदक (दापोली)

आणि "ओवाळू आरत्या कुरवंड्या येती", "सुरवंट्या" नाही, माझा भाचा दर वर्षी सुरवंट आणतो मधे.

होय_म्हाराजा (कुडाळ)

ताई, गाऱ्हाणा कोण घालतलो तां सांगलास नाय.

सड्यावरची (राजापूर)

सासूबाई. आत्तापासून यादी काढतायत कोणाकोणाची नावं घ्यायची त्याची, दिराचं लग्न पहिल्या नंबरला आहे.

होय_म्हाराजा (कुडाळ)

होय म्हाराजा!